जिप्सी किंग १९९९ : घाट चढून थांबलं की गरम इंजिन पकडत नाही, आणि ६५ च्या वेगाला पुढची चाकं थरथरतात

रानवाट_१५ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, १९९९, सॉफ्ट टॉप, १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर, पाच गिअर. काही वर्षं शेडमध्ये उभी होती, आता रस्त्यावर आणली आहे. आरसीचं नूतनीकरण झालंय.

झालेलं काम : चॅसी मोकळी करून पावडर कोटिंग, मागच्या फ्लोअरचा पत्रा नवा, पूर्ण रंग, नवं हूड, सीट. इंजिन उघडलेलं नाही, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना जवळपास सारखं आहे. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, प्लग नवे. कार्ब्युरेटर साफ करून किट टाकलं. टाकी आतून धुतली. पेट्रोलचे रबरी पाइप जुनेच आहेत, वरून तरी चिरलेले दिसत नाहीत. पाटे (लीफ स्प्रिंग) मूळचे, पण आधीच्या मालकाने शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या) दोन इंच लांब टाकलेत. टायर २०५/७० आर१५, नवे.

मेअखेरीस काजव्यांच्या दिवसांत नाशिक–घोटी–भंडारदरा–रतनवाडी–घाटघर, येताना राजूर–अकोले–संगमनेर–सिन्नर असा बेत आहे. त्याआधी दोन दुखणी काढायची आहेत.

पहिलं. कसारा घाट चढून इगतपुरीत गाडी बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला, की इंजिन नीट फिरतं पण पकडत नाही. पाऊण तास थंड झाली की अर्ध्या सेल्फला चालू. टेम्परेचरचा काटा कायम मधेच असतो. घाटाच्या शेवटच्या चढावर तिसऱ्या गिअरला दाबून धरली तर दम तोडते, पाय थोडा सैल केला की सावरते.

दुसरं. ६०-६५ ला खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरायला लागतं, ४० च्या खाली आल्याशिवाय थांबत नाही. बॅलन्सिंग दोनदा झालंय.

गॅरेजवाले म्हणतात इलेक्ट्रिक पेट्रोल पंप आणि जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगची थरथर शोषणारा शॉक) टाका, दोन्ही प्रश्न मिटतील. टाकू का?

सातपूरकर

अजून काहीही विकत घेऊ नका. गरम गाडी न पकडण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. बहुतेक जण तिन्हींना ‘व्हेपर लॉक’ म्हणून मोकळे होतात.

एक, पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झाली आणि कार्ब्युरेटरची वाटी (पेट्रोल साठतं ती) कोरडी पडली. हा खरा व्हेपर लॉक. दोन, याच्या बरोबर उलट : गाडी बंद केल्यावर पंखा थांबतो, कूलंट फिरायचं थांबतं, बोनेटखालची उष्णता पुढची दहा-पंधरा मिनिटं वाढतच जाते. वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि मेन नोझलमधून मॅनिफोल्डमध्ये ओघळतं. इंजिन पेट्रोलने भरून जातं. तीन, कॉइल किंवा डेल्कोतलं (डिस्ट्रिब्युटरमधलं) मॉड्युल तापलं की प्लगला करंटच, म्हणजे ठिणगीच, देत नाही.

ओळखायचं कसं? गाडी नाटक करेल त्याच क्षणी, थंड व्हायच्या आत बघायचं. घरी आणून सकाळी गॅरेजला दाखवलं तर काही सापडणार नाही.

एअर क्लीनरचं झाकण काढा. इंजिन बंद. कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि हाताने थ्रॉटलची लिव्हर झटक्यात उघडा. बारीक नळीतून पेट्रोलची जोरदार धार आली पाहिजे. धार आलीच नाही किंवा नुसता फुसका थेंब आला, तर वाटी कोरडी आहे, चौकशी पंपाकडे वळवा. धार आली तर वाटीत पेट्रोल आहे. मग एक प्लग काढा. ओलाचिंब आणि वास मारणारा असेल तर त्याच वायरीला सुटा प्लग लावून हेडला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. ही तपासणी उघड्या कार्ब्युरेटरपासून लांब आणि प्लग बसवून झाल्यावरच करायची, काढलेल्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. निळा कडकडीत करंट असेल तर इंजिन फ्लड झालंय : ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, पाच-सात सेकंद सेल्फ मारा. काळा धूर काढत चालू होईल. करंटच नसेल तर कॉइल किंवा मॉड्युल.

सेल्फ मारताना कोणी कार्ब्युरेटरमध्ये डोकावायचं नाही. बॅकफायर झाला तर भुवया जातात. अग्निशामक हाताशी ठेवा, आणि आजूबाजूला बिडी ओढणारा असला तर त्याला आधी लांब पाठवा.

वाटी कोरडी निघाली तर खात्री करायचा सोपा उपाय : बाटलीतल्या पाण्याने फडकं ओलं करून एसी पंपावर (इंजिनवरचा मूळ यांत्रिक पेट्रोल पंप) आणि त्याच्याकडे येणाऱ्या पाइपवर दोन-तीन मिनिटं ठेवा. त्यानंतर दहा सेकंदांच्या सेल्फला गाडी उठली तर वाफच होती.

मात्र चढावर दम तोडणं हे लक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाडी चालू असताना पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे नुसत्या उभ्या गाडीच्या उष्णतेचा हा खेळ नाही. चढावर दम तोडल्याबरोबर बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज करत हवा आत ओढली गेली तर झाकणाचा व्हेंट (हवेचं भोक) बंद आहे, प्रश्न तिथेच संपेल.

दगडू_डिझेल

इलेक्ट्रिक पंप लावा आणि विषय संपवा राव. किती दिवस ओली फडकी बांधत फिरणार.

घाटवळण

दुसऱ्या दुखण्याबद्दल लिहितो, कारण ते जास्त धोक्याचं आहे. गरम गाडी चालू झाली नाही तर चहा पिता येतो.

जाड डॅम्पर सगळ्यात शेवटी. डॅम्पर थरथर लपवतो, घालवत नाही. ज्या सांध्यातून ती सुरू होते तो झिजतच राहतो, आणि एक दिवस डॅम्परलाही आवरत नाही.

पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, खाली स्टँड द्या. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर आत बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं. ब्रेक दाबूनही तेवढाच राहिला तर किंगपिन (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती). मग चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगच्या दांड्यांच्या सांध्यावर) बोट ठेवायचं. सांध्याचे दोन भाग वेगवेगळे हलले तर बोटाला लगेच कळतं, डोळ्याला कळत नाही.

जिप्सीत ही थरथर बहुतेक वेळा किंगपिन बेअरिंगच्या प्रीलोडवर, म्हणजे ते किती आवळलंय यावर, येऊन थांबते. मोजायची पद्धत : चाक काढा, टाय रॉड सुटा करा, नकलच्या (ॲक्सलच्या टोकाला चाकाबरोबर वळणारा भाग) मागचं ऑइल सील मोकळं करा (सीलच्या घर्षणाने आकडा चुकतो). नकल आर्मच्या टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा आणि आर्मला काटकोनात ओढा. नकल हलायला लागतानाचा आकडा साधारण १ ते १.८ किलोच्या दरम्यान हवा. जुन्या गाडीत बऱ्याचदा काटा हलायच्या आधीच नकल फिरतं. मग किंगपिनखालचे शिम (पातळ चकत्या) कमी करायचे, वरून आणि खालून सारख्याच जाडीचे, नाहीतर नकलचा मध्य सरकतो.

शिम काढायच्या आधी नकल हाताने हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. गाडी सरळ जाताना नकल जिथे असतं, बरोबर तिथे हलकासा ‘टक्’ लागला, जणू खाचेत बसतंय, तर बेअरिंगच्या रोलरनी रेसमध्ये खड्डे पाडलेत. वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर त्याच जागी दणके खाऊन हे होतं. अशा बेअरिंगचे शिम काढून काही उपयोग नाही, रेससकट चारही बदला.

नकल उघडलंच आहे तर आतलं ग्रीस दोन बोटांत घ्या. घट्ट असेल तर ठीक. पातळ, पिवळट आणि गिअर ऑइलच्या वासाचं असेल तर ॲक्सलचं आतलं सील गेलंय आणि डिफरन्शिअलचं तेल नकलमध्ये येतंय. सील त्याच बैठकीत बदला, दुसऱ्यांदा उघडायची मजुरी सीलच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. पुढच्या डिफरन्शिअलमध्ये २ लिटर, मागच्यात दीड, गिअरबॉक्समध्ये १.३ आणि ट्रान्सफर केसमध्ये ०.८ लिटर तेल बसतं. बरीच वर्षं उभी होती म्हणताय, तर चारही ठिकाणचं नवंच भरा. जुनं तेल दुधट निघालं तर ब्रीदर (ॲक्सलच्या आत-बाहेर हवा जाऊ देणारं तोंड) चोंदलाय. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आत पोकळी होते आणि मग तो सीलमधून पाणी ओढतो.

आता शॅकल. लांब शॅकलने गाडी एका इंचाने वर येते, पण पुढचा ॲक्सल किंचित पुढे कलतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी होतो. मूळ कॅस्टर साधारण साडेतीन अंश आहे. तो घटला की चाकांना आपोआप सरळ राहायची ओढ राहत नाही, आणि छोट्या दणक्यानेही थरथर सुरू होते. मूळ मापाचे शॅकल परत टाका. घाटघरच्या रस्त्याला त्या एका इंचाची काही गरज नाही. उंची ठेवायचीच असेल तर पाटा आणि ॲक्सल यांच्या मध्ये दोन-तीन अंशांच्या पाचरी घाला. नाशिकच्या अंबडला कोणताही लेथवाला करून देईल, फक्त ॲल्युमिनियमच्या नकोत, त्या चिरडतात, पोलादाच्याच घ्या. पाचरीमुळे पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, फोर व्हील टाकल्यावर गुणगुण ऐकू आली तर दचकू नका.

हे सगळं झाल्यावर टो-इन. दोन्ही टायरच्या मधोमध खडूची रेघ मारा, हबच्या उंचीला पुढून आणि मागून टेपने अंतर घ्या. पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ ते ६ मिलिमीटरने कमी हवं. सांधे ढिले असताना केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे वाया.

जुना_जेट

पेट्रोलबद्दल सातपूरकरांनी लिहिलेली तपासणी आधी कराच. त्यात दोन गोष्टींची भर घालतो, कारण १९९९ च्या कार्ब्युरेटरला १९९९ चं पेट्रोल आता मिळत नाही. पंपावर ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल.

इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, आणि पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाची वाफ अधिक सहज होते. पूर्वी ज्या बोनेटखाली गाडी कुरकुरत नव्हती तिथेच आता वाफ धरते. दुसरं, जुन्या नायट्राइल रबराला ते फुगवतं. पाइप बाहेरून छान दिसतो आणि आतून मऊ होऊन सोलायला लागतो. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीचा आहे, तिथे पाइपाला बारीक चीर असली तर पेट्रोल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. म्हणून गळती नाही याचा अर्थ पाइप चांगला असा घेऊ नका. पंपाच्या बाहेरचा पाइप काढून बाटलीत सोडा आणि सेल्फ मारायला सांगा (कॉइलची वायर काढून ठेवा). ठोक्याठोक्याने भरीव धार यायला हवी. धारेत बुडबुडे दिसले तर ओढीच्या बाजूला हवा शिरतेय. पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसतो म्हणून मात्र घाबरू नका, तो बहुतेक गाड्यांत तसाच दिसतो.

आता खरी तपासायची जागा. या पंपाला तीन नळ्या असतात : टाकीकडून येणारी, कार्ब्युरेटरकडे जाणारी आणि टाकीकडे परत जाणारी. तिसरी बारीक नळी गार पेट्रोल सतत फिरतं ठेवते आणि वाफ टाकीत परत सोडते. जुन्या गाड्यांत ती सडली की कुणीतरी तिथे छोटा बोल्ट ठोकून क्लिप आवळतो. गाडी चालते, सपाटीला काही कळत नाही, आणि उन्हाळ्यात घाटात नेली की तुम्ही वर्णन केलंय तसं सगळं होतं. टाकी धुतली म्हणता, तर टाकीच्या बाजूची परतीची नळी मोकळी आहे का तेही फुंकून बघा.

दगडूभाऊंना उत्तर : इलेक्ट्रिक पंप वाईट नाही, पण तो कारणावर चढवलेला मुलामा होऊ नये. परतीची नळी बंद असताना इलेक्ट्रिक पंप लावला तर तो वाटीत पेट्रोल सोडणाऱ्या सुईवर दाब देत राहील आणि कोरड्या वाटीऐवजी फ्लडिंग मिळेल. लावायचाच असेल तर कार्ब्युरेटरच्या कमी दाबाचा घ्या, इंजेक्शनवाल्या गाडीचा नको. टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीच्या खाली बसवा, कारण हे पंप ढकलण्यात हुशार असतात, ओढण्यात नाही. शिवाय ऑइल प्रेशर स्विचमधून रिले घ्या. अपघातात इंजिन बंद पडलं आणि पंप चालू राहिला तर काय होईल ते सांगायला नको.

दगडू_डिझेल

रिलेचा मुद्दा मान्य. पण माझं म्हणणं एवढंच की मूळ एसी पंपाच्या नावाखाली आता बाजारात जे मिळतं त्याचा डायफ्राम इथेनॉलला किती दिवस टिकेल याची खात्री कोण देणार? घाटघरला तो फाटला तर काय?

जुना_जेट

रास्त शंका. म्हणून एक सुटा पंप आणि त्याचं पॅकिंग बरोबर ठेवायचं. दोन बोल्टचं काम आहे. फाटलेला डायफ्राम ओळखायची खूण : डिपस्टिकच्या तेलाला पेट्रोलचा वास येतो आणि तेलाची पातळी वाढलेली दिसते. तसं दिसलं तर पंप बदलून भागणार नाही, इंजिन ऑइलही बदला, पातळ झालेल्या तेलावर घाट चढायचा नाही.

पंप बदलताना हेड आणि पंप यांच्यामधला जाड काळा ठोकळा फेकू नका. उष्णता अडवायला तोच आहे. नुसत्या कागदी पॅकिंगवर पंप बसवलेल्या जिप्स्या दिसतात. कार्ब्युरेटरखालच्या जाड इन्सुलेटरचंही तेच.

सातपूरकर

पावडर कोटिंगचा उल्लेख वाचून राहवलं नाही. बॅटरीची निगेटिव्ह, इंजिनची पट्टी आणि बॉडीची अर्थ जिथे जिथे चॅसीला बसते, तिथलं कोटिंग खरवडून धातू चकचकीत केला होता का? नसेल तर बोल्टच्या आट्यांतून जेमतेम करंट जातोय. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिन ब्लॉकला, आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. ती फारच खराब असेल तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो, केबल तापते आणि आतली प्लॅस्टिकची नळी वितळते. मग लोक केबल बदलत बसतात.

आणि ब्रेकबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. रंग आणि हूड झालं, ब्रेक राहिले, हा क्रम मला कधीच कळलेला नाही. उभ्या गाडीत पुढचे कॅलिपर अडकतात, मागचे व्हील सिलिंडर गळतात, आणि रबरी ब्रेक पाइप आतून फुगून एकमार्गी झडपेसारखे वागतात : ब्रेक लागतो, सुटत नाही. दहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरून चालवा, थांबून चारही हबजवळ हात न्या. एकच चाक तापलं असेल तर त्या चाकाचा ब्लीडर (ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) किंचित उघडा. दाब सुटून चाक मोकळं झालं तर पाइप दोषी, तरीही जाम राहिलं तर कॅलिपर. ब्रेक ऑइल पूर्ण नवं करा. जुन्यात पाणी मुरलेलं असतं, लांब उतारावर ते उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ज्या गिअरला घाट चढता त्याच गिअरला उतरा.

रानवाट_१५

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासणीचा निकाल :

कसारा घाट चढून इगतपुरीत थांबल्यावर कार्ब्युरेटरमध्ये धार आली नाही, वाटी कोरडी. करंट निळा. ओलं फडकं ठेवल्यावर गाडी उठली. टाकीच्या झाकणाला आवाज नाही. परतीच्या नळीत खरोखर बोल्ट निघाला, आणि टाकीच्या बाजूचं टोक गंजाच्या चिखलाने बंद होतं. पंपाखाली ठोकळा नाही, नुसतं कागदी पॅकिंग.

१२ आणि ६ ला धरून हलवल्यावर डावीकडचा खेळ ब्रेक दाबूनही तसाच. वजनकाट्यावर डावं नकल अर्ध्या किलोलाच फिरतं, उजवं एक किलोच्या थोडं वर. डाव्यात मधोमध तो ‘टक्’ लागतो. ग्रीस पातळ आहे. मूळ शॅकल मिळाले.

अर्थिंग : ०.९ व्होल्ट.

तीन प्रश्न. टाकी पुन्हा काढावी का? ई२० साठी कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मोठा करायचा का, आणि किती? पाइप कोणता घ्यायचा?

घाटवळण

डाव्या नकलची बेअरिंग रेससकट, दोन्ही बाजूंची ॲक्सल सील. उजव्या बाजूचीही बेअरिंग बदला, एका बाजूला नवी आणि दुसरीकडे जुनी ठेवून सारखा प्रीलोड बसवणं कटकटीचं होतं. नवीन बेअरिंग बसवल्यावर मोजणी पुन्हा, आणि दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर किंगपिनचे बोल्ट परत आवळा.

जुना_जेट

टाकी काढा. परतीच्या टोकाला चिखल म्हणजे तळालाही आहे, आणि इथेनॉल तो सोडवून फिल्टरकडे पाठवत राहील. आत मूठभर नटबोल्ट आणि थोडं पाणी घालून चांगली हलवा, गंज काढायला फॉस्फरिक ॲसिडवालं द्रावण, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि गरम हवेने पूर्ण कोरडी करून लगेच पेट्रोल भरा. ओली टाकी रात्रभर ठेवली तर सकाळी पुन्हा लाल होते. आतून लेप मारायचा मोह होईल, पण डब्यावर इथेनॉल चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मारू नका. तो सुटला की त्याचे पापुद्रे थेट पिकअपच्या जाळीवर बसतात. पहिल्या काही टाक्यांना फिल्टर लवकर भरेल, तीन-चार सुटे ठेवा.

जेट. हिशोब असा : साध्या पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आठेक टक्के पातळ. पण नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, इथल्या विरळ हवेत मिश्रण आपोआप तीनेक टक्के दाट होतं. उरले पाच टक्के. जेटचं भोक क्षेत्रफळाने पाच टक्के वाढवायचं म्हणजे व्यासात अडीच टक्के : जेटवर १०० लिहिलं असेल तर १०२.५. फक्त प्रायमरीचा (कार्ब्युरेटरच्या पहिल्या घशाचा) मेन जेट बदला, सेकंडरीला (दुसऱ्या घशाला) हात लावू नका. तारेने भोक मोठं करणाऱ्याच्या हातात कार्ब्युरेटर देऊ नका, व्यास किती झाला ते त्यालाही सांगता येणार नाही. मग आयडल ८०० आरपीएमच्या आसपास बसवून मिश्रणाचा स्क्रू जुळवा. घाट दाबून चढून लगेच बंद करा, थंड झाल्यावर प्लग बघा. फिकट तपकिरी हवा. पांढराफटक असेल तर आणखी एक पायरी वर. मुंबईकडे उतरलात तर मिश्रण थोडं पातळ होईल हे लक्षात असू द्या.

जेटचं काम परतीची नळी आणि पाइप झाल्यानंतर. दोन बदल एकदम केले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

सातपूरकर

रस्त्यासाठी बरोबर ठेवायचं : सुटा एसी पंप आणि पॅकिंग, फिल्टर, दोन मीटर पेट्रोल पाइप आणि क्लिपा, कॉइल, एक प्लग, रोटर आणि डेल्कोचं झाकण, फॅन बेल्ट, क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, रेडिएटरची वरची-खालची नळी, रेडिएटर कॅप, पाच लिटर पाणी, फ्यूज, मल्टिमीटर, १० ते १९ चे पाने, जॅकखाली घालायला फळी. क्लच केबल तुटण्याआधी पेडल जड करून सूचना देते, ती ऐका.

टाकी घोटीला पूर्ण भरा. भरलेल्या टाकीत परत येणारं गरम पेट्रोल लवकर गार होतं, अर्ध्या टाकीत नाही. चढ संपला की लगेच चावी बंद करू नका, दोन मिनिटं आयडलवर ठेवा आणि थांबल्यावर बोनेट उघडं ठेवा. फोर व्हील डांबरावर टाकायची नाही, वळताना ट्रान्सफर केस आवळली जाते आणि लिव्हर निघत नाही. तसं झालंच तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, सुटते. थर्मोस्टॅट नवा आहे ना, तो कुणी ‘गाडी तापते’ म्हणून काढायला सांगितला तर काढू नका.

भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. काजव्यांच्या दिवसांत वनखात्याचे वेळेचे निर्बंध असतात, निघण्याआधी चौकशी करा. रस्ता सोडून गाडी आत घालायची नाही आणि झाडांजवळ हेडलाइट बंद. समृद्धीवरून जाऊन वेळ वाचवायचा विचार असेल तर सोडा, उभ्या गाडीतून उठवलेल्या जिप्सीला तासन्‌तास एकाच वेगाने पळवायची ती जागा नाही.

जुना_जेट

पाइप राहिला. ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेला घ्या, आतून फ्लुओरो रबराचा थर असतो, इथेनॉलला टिकतो. आर६, आर७ नको. नाशिकला द्वारका-सारडा सर्कलच्या पट्ट्यात विचारा, नुसतं ‘पेट्रोल पाइप’ मागितलं तर जो हाताशी असेल तो मिळेल, छाप वाचूनच पैसे द्या. पुरवठ्याची आणि परतीची नळी वेगवेगळ्या मापाची आहे, तेव्हा जुने तुकडे सोबत न्या. पण ते फुगलेले असतील, त्यामुळे माप पाइपवरून नको, धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून लिहून न्या.